बंदुकीची अक्कलदाढ

वर्कशॉपमध्ये एक गंमत असते. लाकडाचा भुसा संध्याकाळी कितीही झाडून काढा, सकाळी कोपऱ्यात ढीग असतोच. किस्स्यांचंही तसंच. आम्ही कतारला होतो तेव्हा कुणी मुद्दाम जमवत बसलं नव्हतं. पण आता मित्रांत बसलो आणि कुणी नुसतं "दिगू, तो बंदुकीचा किस्सा सांग" म्हटलं, की मलाच विचारावं लागतं, "कुठला?"

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. दोह्यात सूक वाकिफच्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत अबू रशीद यांचं शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकानात लोखंडाचं काम माझ्याकडे. मी इचलकरंजीचा, लेथवर हात बसलेला. लाकडाचं काम वसंत मेस्त्रीकडे. तो सावंतवाडीकडचा. आम्ही दोघं आणि मालक. बस्स, एवढाच कारभार!

*

वसंत दुकानात आला तोच मुळी चुकून!

व्हिसावर 'सुतार' लिहिलेलं. एजंटने सांगितलेलं, मदिनत खलीफात नवे व्हिला होतायत, दारं-खिडक्या करायच्यात. बिचारा रंधा, पटाशी सगळं गुंडाळून घेऊन आला. विमानतळावरून अबू रशीदच्या गाडीतून थेट दुकानात. मालकाने त्याच्या हातात एक तुटका दस्ता ठेवला. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला लावतात तो.

वसंताने तो उलटा केला, सुलटा केला. वास घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रे, ह्या दार खंय उघडता?"

मी म्हटलं, "दार नाही, बंदूक आहे."

"मेल्या, मी दाराक बिजागरी लावूक इलंय! बंदुकीक नाय!"

मला वाटलं, हा उद्याच्या विमानाने परत जाणार. पण त्याचं लक्ष परत दस्त्याकडे गेलं. अक्रोडाचं लाकूड होतं. त्याच्या रेषांवरून त्याने अंगठा फिरवला, आणि खाली बसकण मारून पटाशीला धार लावायला घेतली. जेवायला हाक मारली तर म्हणतो कसा, "थांब रे. ह्या झाडाची ओळख होवंदे."

*

अबू रशीद माणूस दिलदार. तरुणपणी वडिलांबरोबर गलबतातून मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी बोलायचे. त्यांची हिंदी म्हणजे निम्मी क्रियापदं सुट्टीवर! "तुम काम, मैं चाय" असली.

त्यांचा एक मेहुणा होता, हमद. म्हणजे बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. दोघं एकेकाळचे जिगरी. एकत्र शिकारीला जायचे. पण अबू रशीदची शिकारी कुत्री हमदने एका हंगामापुरती नेली, तिला त्याच्याकडेच पिल्लं झाली, आणि हमदने कुत्री परत केली पण पिल्लं ठेवून घेतली. झालं! अबू रशीद म्हणाले पिल्लं माझी, हमद म्हणाला माझ्या अंगणात झाली ती माझी. तेव्हापासून बोलणं खलास. पिल्लांना पिल्लं झाली, तरी दोघं अबोलाच धरून!

आणि इकडे अबू रशीदच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांच्या बायकोने, उम्म रशीदने, दोघांनाही सांगून टाकलं होतं की माझ्या मुलीच्या लग्नात तिचा मामा हवा. आपल्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, मामाशिवाय लग्न म्हणजे आईच्या जिवाला घोर. तिनेच भावाच्या मागे लागून त्याची नवी रायफल आमच्या दुकानात दुरुस्तीला पाठवायला लावली. निदान दुकानाची पायरी तरी चढेल!

हमद आला. हातात रायफल, काखेत खोक्यात नवाकोरा दस्ता, बाहेरून मागवलेला. अबू रशीद गल्ल्यामागे उभे. दोघांच्या मध्ये चार फूटही अंतर नसेल. मध्ये वसंत, चहाचा ग्लास घेऊन.

हमद अबू रशीदकडे बघेना. वसंताकडे बघून अरबीत म्हणाला, "तुझ्या मालकाला सांग, हा दस्ता या रायफलला बसवायचाय."

मला अरबी बऱ्यापैकी कळायची. वसंताला येत होती ती 'यल्ला', 'खलास', 'शुक्रन' आणि 'इन्शाल्ला' एवढीच. तो वळला आणि त्याने मालकाकडे नुसतं बघितलं. मालकाने अर्थातच सगळं ऐकलं होतं. तेही वसंताकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, ठेवून जा."

वसंताने मान परत हमदकडे वळवली. हमदने ऐकलंच होतं. त्याने रायफल ठेवली आणि तो गेला.

अबू रशीदने वसंताची पाठ थोपटली. "तुम बहोत अच्छा अरबी!"

*

त्या दस्त्याच्या खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'ड्रॉप-इन फिट'. म्हणजे काही कापाकापी नको. रायफल वरून सोडायची की बसली!

आम्ही सोडली. ठक्! अर्ध्यावरच अडकली.

मी म्हटलं, "ड्रॉप तर झाली, इन नाही झाली!"

कारण लगेच दिसलं. रायफलच्या नळीच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक पोलादी ठोकळा असतो. गोळी सुटली की बंदूक जोरात मागे येते. तो सगळा धक्का हा ठोकळा दस्त्यातल्या खाचेला टेकून झेलतो. हमदने नळी बाहेरून बदलून आणली होती, आणि त्या कारागिराने हौसेने ठोकळा चांगला जाडजूड बसवला होता. दस्त्यातली खाच मात्र नेहमीच्या मापाची. बारकी!

वसंताने वाकून बघितलं. "अरे ही तर अक्कलदाढ! जबड्यात जागा नाय, आणि ही वर येता!"

अबू रशीदने विचारलं, "क्या बोलता?"

मी गालावर हात ठेवून दाढ दाखवली, म्हटलं, "मुदीर, अक्कलदाढ." मालकांना आम्ही मुदीरच म्हणायचो, म्हणजे साहेब.

मालक डोळे विस्फारून बघायला लागले. "अक्कल? दिर्स अल-अक्ल!" त्यांच्याकडेही तिला तेच म्हणतात, अकलेची दाढ! एवढा मोठा समुद्र ओलांडून आलो आणि दाढ तीच निघाली. अबू रशीद दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती रायफल दाखवून "अक्कलदाद, अक्कलदाद" करत होते.

मग प्रश्न आला, कापायचं काय? ठोकळा की लाकूड?

मी लोखंडवाला. मी म्हटलं, "लाकूड कापा. ठोकळा जाड आहे तो ताकदीसाठी आहे. त्याला कानस लावणार नाही."

वसंत लाकूडवाला. तो म्हणाला, "लोखंड काप! ह्या अक्रोडाक मी भोसकूचंय नाय. बघ ह्याचो रंग!"

दोघं हटून बसलो. शेवटी अबू रशीद मध्ये पडले. "अक्कलदाद बडा, तो डॉक्टर क्या काटता? दांत काटता या मुंह काटता?"

वसंताचा चेहरा खुलला. "बघ! दांत!"

अबू रशीद म्हणाले, "लेकिन ये दांत काटा तो हमद मेरा मुंह काटता. लकड़ी काटो!"

*

एक सांगायचं राहिलं. मालकांनी आम्हाला बाजूला घेऊन बजावलं होतं, "ये दस्ता टूटा, तो मेरा घर टूटा." हमद आधीच निमित्त शोधत होता. दस्त्याला चीर गेली असती, तर तो म्हणाला असता, मेहुण्याने मुद्दाम केलं. मग कसला मामा आणि कसलं लग्न!

म्हणून वसंत अगदी जीव मुठीत धरून काम करत होता. एवढी एवढी कपची काढायची, रायफल बसवून बघायची, परत काढायची. परत एवढीशी कपची. त्या खाचेची मागची भिंत ठोकळ्याला पूर्ण टेकली पाहिजे, आणि पुढे, खाली, बाजूला मात्र कागदाएवढी फट पाहिजे. नाहीतर धक्का भलतीकडेच बसतो आणि लाकूड उभं फाटतं.

गंमत म्हणजे, ज्यांनी बजावलं तेच सगळ्यात उतावळे! अबू रशीद दर तासाला यायचे. "यल्ला, वसंत! थोडा बाकी ना? हॅमर मारो, अंदर!"

पहिल्यांदा वसंत हसला. दुसऱ्यांदा त्याने हात जोडले. तिसऱ्यांदा मालक स्वतःच हातोडा शोधायला लागले. बाकावर नाही, खणात नाही, भिंतीवर नाही. दुकानात एरवी जिथे बघावं तिथे हातोडे!

"वसंत, हॅमर किधर?"

वसंत स्टुलावर गंभीरपणे बसलेला. हातातलं काम न थांबवता म्हणाला, "मुदीर, हॅमर व्हेकेशन!"

मालक गेल्यावर तो उठला. स्टुलावरच्या उशीखाली दुकानातले सगळे हातोडे ओळीने मांडून ठेवलेले. सकाळपासून त्यांच्यावर बसून होता!

*

खाच नेमकी कुठे अडतेय ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी ठोकळ्याला काळा रंग फासायचा, रायफल बसवायची, उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे अडतंय. तेवढंच खरवडायचं. तो काळा रंग विलायतेहून छोट्या डबीतून यायचा, आणि नेमका तेव्हाच संपला.

शूपॉलिश लावून बघितलं, पसरलं. मशीनचं ग्रीस लावलं, लाकडाने पिऊन टाकलं. वसंत म्हणाला, काजळ मिळालं तर काम होईल. "गावात काय रे? घरचा, एरंडेलावरचा?"

मदिनत खलीफात एक पुण्याचं कुटुंब राहायचं. देशपांडे. साहेब तेल कंपनीत इंजिनियर. आमच्यासारख्या एकट्या माणसांना त्या वहिनी सणासुदीला जेवायला बोलवायच्या. त्यांच्या धाकट्या मुलीसाठी त्या काजळ घरीच धरायच्या, हे मला ठाऊक होतं. शुक्रवारी आम्ही दोघं त्यांच्या दारात.

वहिनींनी आधी पाणी दिलं, चिवडा दिला. मग मी भीत भीत विषय काढला. "वहिनी, थोडं काजळ मिळेल?"

वहिनी एकदम उजळल्या. "अय्या! भाऊजी, वहिनी आल्या का गावाहून? बाळ पण आलं का बरोबर? आणि सांगितलं नाहीत!"

"नाही हो. बंदुकीसाठी पाहिजे."

वहिनींच्या हातातला डबा तसाच राहिला. मागे त्यांची मोठी मुलगी उभी होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीतच. ती आमच्याकडे बघत एकदम गंभीरपणे म्हणाली, "ममा, डझ द गन हॅव आइज?"

काजळ मिळालं. आणि सांगतो, विलायती रंगापेक्षा झकास निघालं! केसाएवढी अडचणसुद्धा लाकडावर उमटायची. फक्त वसंताला घाम पुसायची सवय. दुपारपर्यंत त्याचे दोन्ही डोळे असे काही काळेभोर झाले, की सुकातून चहा घेऊन आलेला टपरीवाला कुट्टी दारातच थबकला आणि त्याने मला हळूच विचारलं, "इसका शादी है?"

*

खाच झाली. आता शेवटचं काम, खाचेत इपॉक्सीचा लेप भरून त्यातच रायफल बसवायची. लेप सुकला की ठोकळ्याच्या मापाचा साचा तयार होतो, एकदम घट्ट. फक्त आधी ठोकळ्याला मेण फासायचं. नाहीतर लोखंड आणि लाकूड जन्माचे चिकटतात.

मी मेण छान फासलं. लेप कालवायला मागे गेलो. तेवढ्यात अबू रशीद आले. मेहुण्याच्या रायफलवर कसला तरी चिकट थर! त्यांनी प्रेमाने रुमाल काढला आणि सगळं लख्ख पुसून ठेवलं. आम्हाला पत्ता नाही. आम्ही लेप भरला, रायफल बसवली, कुलूप लावून गेलो.

सकाळी ओढली, हलेना. दोघांनी ओढली, हलेना. मालक आले आणि आनंदाने म्हणाले, "मजबूत!"

"मुदीर, मजबूत नको, सुटायला पाहिजे! मेण लावलं होतं..."

"मेण? ओ गंदा? मैं साफ!"

वसंत मटकन खालीच बसला. मालकांच्या डोळ्यांसमोर बायको, मुलगी, लग्नाचा मांडव सगळं तरळलं असणार. मला शेवटी एक सुचलं. थंडीने लोखंड आखडतं. फ्रीझरमध्ये ठेवली तर कदाचित सुटेल. एवढा लांब फ्रीझर सुकात एकाकडेच, मासेवाल्याकडे!

रायफल पोत्यात गुंडाळली आणि हमूर माशांच्या मधोमध आडवी ठेवली. दिवसभर वसंत तिथे पहाऱ्याला. गिऱ्हाईक आलं, फ्रीझर उघडला, की पोत्यातून डोकावणारी नळी बघून दचकायचं. मासेवाला शांतपणे सांगायचा, "वो बेचने का नहीं."

संध्याकाळी बाहेर काढली, लाकडी ठोकळ्याने हलकेच टिचकी मारली. टक्! सुटली! खाचेत लेप आरशासारखा बसलेला. वसंताने त्या खाचेला हात लावून डोळ्यांना लावला. अबू रशीदने आम्हाला दोघांना एकदम मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी हमद बघायला आला. रायफल हातात घेतली, दस्ता निरखला, खांद्याला लावली. गाल टेकवला. आणि तसाच थांबला. नाक आकसून एकदा हुंगलं. दोनदा हुंगलं.

मग वसंताकडे वळून म्हणाला, "तुझ्या मालकाला विचार, त्याने या रायफलने मासे मारले का?"

*

आता शेवटचं. रायफल चालवून बघायची होती. शुक्रवारची नमाज झाल्यावर दुखानच्या रस्त्याला, वस्तीपासून लांब, मोकळ्या वाळवंटात गेलो. हमद त्याच्या जीपमधून. अबू रशीद, वसंत आणि मी पिकअपमधून. दोन गाड्या एकमेकींपासून मुद्दाम लांब लावलेल्या. दोन चटया. चहाचे थर्मासही दोन! मधल्या मोकळ्या जागेत वसंत.

लांबवर वाळूच्या टेकडीला पुठ्ठा लावला. हमद आडवा झाला. वसंताने डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलत होते.

धाड!

हमदने मागे वळून बघितलं नाही. वसंत मात्र धावत गेला. रायफल हातात घेतली, दस्त्यावरून बोटं फिरवली, मानेपाशी, खाचेपाशी, खाली. कुठे चीर नाही. पुन्हा एक बार. पुन्हा धावला. काही नाही! असे बरेच बार झाले. दस्ता जागचा हलला नाही. मला तर ओरडावंसं वाटत होतं.

पण गोळ्या सगळ्या थोड्या डावीकडे. एकमेकींना चिकटून, पण डावीकडे.

अबू रशीद चटईवरून वसंताला म्हणाले, "त्याला सांग, रायफलवरची दुर्बीण थोडी फिरवायला पाहिजे."

वसंताने मान हमदकडे वळवली.

हमद वसंताला म्हणाला, "तुझ्या मालकाला सांग, दुर्बीण ठीक आहे. दस्ता वाकडा बसवलाय."

वसंताची मान इकडे.

"त्याला सांग, दस्ता सरळ आहे. त्याचा डोळा वाकडा आहे."

मान तिकडे.

"त्याला सांग, माझा डोळा वाकडा असता तर मी तयार केलेली पिल्लं एवढी चांगली शिकारी झाली नसती!"

मान इकडे. अबू रशीद ताडकन उठले. "त्याला सांग, पिल्लं चांगली निघाली ती माझ्या कुत्रीमुळे!"

हमदही उठला. आवाज चढले. वसंताची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोक्यावर ऊन. मला दिसत होतं, वसंताचे कान लाल होत चाललेत. आणि एकदम तो फुटला. हिंदी नाही, अरबी नाही, अस्सल मालवणीत, वाळवंटभर ऐकू जाईल अशा आवाजात:

"गप रंवा रे दोघय! देवान तोंडां दिली हत मा तुमका? मगे बोला मा एकमेकांशी! माका मदी कित्याक उभो केलास? माजी मान मोडली, हय बघ, थंय बघ! घरात चेडवाचा लगीन आसा, ती बाय माउली रडता, आणि हे दोघे घोडे कुत्र्याच्या पिल्लांवरसून रुसान बसलेत! तू मामा मा रे तिचो? आणि तू बापूस मा? लाज नाय वाटत?"



दोघंही वसंताकडे आ वासून बघत होते. इतक्या दिवसांत त्याचा असा चढलेला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. हमदने कपाळाला आठ्या घातल्या. मग सावकाश मान वळवली, आणि सरळ अबू रशीदच्या तोंडाकडे बघून विचारलं, "शिगूल?"

म्हणजे, काय म्हणतोय हा?

अबू रशीदने खांदे उडवले. "मा अदरी."

"तुला कसं ठाऊक नाही? तुझ्याकडे कामाला आहे ना?"

"पण बोलला तुझ्याशी!"

"माझ्याशी? तुझ्याकडे बोट होतं त्याचं!"

"आधी तुझ्याकडे होतं!"

वसंत काय म्हणाला ते त्या दोघांना सांगायला म्हणून मी पुढे झालो, तर त्याने माझा हात घट्ट धरला. थर्मास उचलला, मला चटईवर ओढलं आणि कानात कुजबुजला, "रे दिगू, गप बस. आता मदी पडा नको."